कोंबडीच्या रक्तातला गोफ

२ फेब्रुवारी, रविवार

किळस ही गोष्ट कुणाला सांगायची सोय नाही. राग आला तर सांगता येतं, दुःख तर लोक खोदून खोदून काढून घेतात. किळस आली म्हटलं की मात्र समोरचा स्वतःची कॉलर हुंगायला लागतो. म्हणून ही वही आणली. कोरी, स्वच्छ, रेघा सरळ.

बाबा आज राहायला आले. आई गेल्यापासून ते एकटेच होते. मागच्या महिन्यात गॅसवर दूध ठेवून झोपले आणि घरभर धूर झाला. तेव्हा दादाचं आणि माझं फोनवर ठरलं की उन्हाळा संपेपर्यंत बाबा माझ्याकडे. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर गावाबाहेर म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेणारी एक जागा आहे, ती दादाने बघून ठेवली आहे. बाबांना हे सगळं सांगितलं. दुसरा भाग ऐकताना ते नखातला मळ काढत होते.

सोबत कपड्यांची एक पिशवी आणि टेम्पोभर भंगार. बाबांनी जन्मभर पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी दुरुस्त केल्या. जळलेल्या मोटारीच्या पोटातली तार उपसायची आणि नवी भरायची. त्या जळक्या वार्निशचा वास त्यांच्या उशीलासुद्धा येतो. टेम्पोतून काय काय उतरलं ते लिहिताना हात धुवावेसे वाटतात. ग्रीस लागलेले डबे, मेलेले पंखे, चिंध्यांचं एक बोचकं. "इस्त्रीबाई, हे इथंच राहू दे हं, मला सापडायला बरं पडतं," असं म्हणून त्यांनी सगळं हॉलच्या मधोमध मांडलं. लहानपणी मी रुमालालासुद्धा इस्त्री मागायचे, तेव्हापासून मी इस्त्रीबाई.

मग वर बघून म्हणाले, "तुझ्या पंख्याचं बेअरिंग बोलतंय." मला तर काही ऐकू येत नव्हतं.

संध्याकाळी दिव्याच्या पांढऱ्या बटणावर काळा अंगठा उमटलेला होता. पुसला. झोपायला जाताना बघते तर पुन्हा होता.

५ फेब्रुवारी

आज रक्ताचा दिवस. दर आठवड्याला कोंबडीवाल्याकडून थर्मासमध्ये ताजं रक्त आणायचं काम प्रयोगशाळेत माझ्याकडे आहे, कारण बाकीच्यांना मळमळतं. मलाही मळमळतं. पण मी इतकी वर्षं तोंड वाकडं करून आणते आहे की लोकांना वाटतं हिचं तोंडच तसं आहे. "मॅडम, एकदम ताजं," असं म्हणत कोंबडीवाल्याने बोटं पोटाला पुसली आणि सुटे पैसे दिले. नोटेला पीस चिकटलेलं होतं.

कोंबडीच का, तर माणसाच्या लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं, पक्ष्यांच्या असतं. आणि आम्हाला केंद्रकाच्या आतच डोकवायचं असतं. माणसाच्या एका पेशीतला सगळा डीएनए टोकाला टोक लावून सरळ केला तर दोन मीटर भरतो. आणि तो ज्या केंद्रकात राहतो ते नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. मग मावतो कसा? आधी तो प्रथिनांच्या बारीक बारीक गोट्यांभोवती पावणेदोन वेढे घेत जातो, त्याची होते मण्यांची माळ. मग ती माळ स्वतःभोवती वळते, एका वेढ्यात सहा मणी, आणि तिचा सुबक जाड दोर होतो. जाडी तीस नॅनोमीटर. आमचे सर त्याला गोफ म्हणतात. सरांची सगळी हयात त्या गोफात गेली. त्यांच्या पाठ्यपुस्तकाच्या मुखपृष्ठावर तोच आहे, आणि मी शिकले तेही त्याच पुस्तकावर.

खरं सांगायचं तर या जगात मला तो गोफ तेवढा आवडतो. वर बघावं तिकडे घाण, थुंकी, पिसं, आणि आत, अगदी आत, प्रत्येक पेशीत कुणीतरी नीट घडी घालून ठेवलेली. हे आठवलं की थर्मास धरवतो.

सर मे महिन्यात निवृत्त होणार. त्याआधी पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची आहे. गोफाची आजवरची चित्रं पेशी फोडून, धुऊन, रंगवून काढलेली. नव्या मायक्रोस्कोपमध्ये पेशी जिवंत असतानाच क्षणात गोठवून आहे तशी बघता येते. सर म्हणाले, "जिवंत पेशीतला गोफ मला मुखपृष्ठावर हवा. तेवढं कर, मग हे यंत्र तुझ्या ताब्यात." कोंबडी नको, माणसाच्या कातडीच्या पेशी घे म्हणाले. म्हणजे काही आठवडे रक्तापासून सुटका.

९ फेब्रुवारी, रविवार

खालच्या मजल्यावरच्या मावशी मिक्सर घेऊन आल्या. बाबांना त्यांनी जिन्यातच गाठलं होतं. दहा मिनिटांत मिक्सर माझ्या फरशीवर उघडा पडला. आतून जे निघालं ते वर्षानुवर्षांचं वाटण होतं, काळं, घट्ट, एक झुरळही त्यात कायमचं मुक्कामाला. बाबांनी ते बोटाने काढलं. बोटाने! आणि ते बोट चिंधीला पुसून त्याच हाताने चहाचा कप उचलला. मावशी हसत होत्या. "तुमचे बाबा म्हणजे खजिना आहे हो," म्हणाल्या. खजिन्याला वास येतो हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

त्या दोन तास बसल्या. मग समोरच्या घरातले काका इस्त्री घेऊन आले, मग आणखी कुणी. सगळे फरशीवरच्या पसाऱ्यातून पाय उचलत चालत होते, आणि बाबा न बघता हात मागे घालून हवा तो स्क्रू काढत होते. मी स्वयंपाकघरात उभी राहून कप पुन्हा पुन्हा धुतले.

रात्री जेवताना म्हटलं, बाबांना काहीतरी चांगलं सांगावं. गोफ समजावला. ताटातल्या शेवया वळून मणी, वेढे, दोर, सगळं दाखवलं. सहाव्या मण्याला बाबा घोरायला लागले.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज करून टाकलं.

बाबा केस कापायला गेले होते. मी पारदर्शक डबे आणून ठेवलेच होते, झाकणं घट्ट बसणारी. हातमोजे घातले, नाकाला फडकं बांधलं आणि हॉलमधलं सगळं उचललं. स्क्रू लहान, स्क्रू मोठे, बेअरिंगं, कार्बन, तारा जाडीप्रमाणे, पकडी आणि पाने. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. चिंध्या फेकल्या. सगळे डबे बाबांच्या खोलीतल्या कपाटात, तळापासून वरपर्यंत. मग फरशी फिनेलने तीनदा पुसली. कपाट उघडून मी नुसती बघत उभी राहिले. इतकं बरं मला गोफ बघतानाच वाटतं.

बाबा आले आणि दारातच थांबले. "अरे वा," म्हणाले. "दुकानासारखं दिसतंय." मग थोड्या वेळाने, "माझा तो वाकडा पाना कुठंय गं?"

"पकडी आणि पाने. वरून तिसरा."

"हं," म्हणाले. पण काढला नाही. म्हणजे तसा लागतही नव्हता. म्हटलंच होतं मी.

लगे हाथ जिन्यात मावशींनाही सांगून टाकलं, की बाबांना आता आराम हवा आहे, लोकांनी सामान आणू नये. मावशींचा चेहरा जरा उतरला. पण घर माझं आहे, दवाखाना नाही मिक्सरचा.

२१ फेब्रुवारी

पहिली चित्रं आली. गोफ नाही.

नुसता नाही असं नाही. तिथे जे आहे ते बघवत नाही. मणी आहेत, माळ आहे, पण ती माळ कशीही कुठेही गेलेली. इथे वळली, तिथे लोंबली, शेजारच्या माळेत घुसली. कुठे दाट, कुठे विरळ. जाडीला धरबंध नाही. मोरीच्या जाळीवरून केसांचा गोळा काढावा तसं काहीतरी. पडद्याकडे बघून माझ्या अंगावर शहारा आला.

गोठवलेल्या पेशीचे पातळ काप काढायचं काम काचवालीचं. आता ती हिऱ्याच्या पात्याने काप काढते, पण पूर्वी काचेच्या पात्याने काढायची म्हणून सगळे तिला काचवालीच म्हणतात. मी तिला म्हटलं, "तुझं पातं बोथट आहे, सगळं चेंगरलंय."

"नाचता येईना अंगण वाकडं," ती म्हणाली आणि केळं सोलायला लागली. प्रयोगशाळेत!

२६ फेब्रुवारी

पुन्हा केलं. पातं नवं, तापमान तपासलेलं. पुन्हा तोच गचपणा. कॉम्प्युटरला गोफाचं माप देऊन शोधायला लावलं, तर तोही हात हलवत परत आला. सरांना अजून सांगितलेलं नाही.

घरी मात्र सुख आहे. फरशी स्वच्छ, वास गेला. बटणावर आठवडाभरात एकही डाग नाही. बाबा खुर्चीत बसतात, मी येते तेव्हा त्याच खुर्चीत असतात. दादाला फोनवर सांगितलं, "रुळले बरं का." दादा म्हणाला, "बोलतात का?" म्हटलं, "आधी केवढं बोलायचे! आता कान निवलेत."

५ मार्च

मावशी जिन्यात भेटल्या. मिक्सर पुन्हा बंद पडला, म्हणून नवा घेतला म्हणाल्या. "बाबांना विचारलं होतं एकदा, खिडकीतून. म्हणाले, आता नाही जमत हो. बरं आहे ना त्यांचं?"

बरंच आहे. जेवण थोडं कमी झालंय, पण हालचाल नाही म्हटल्यावर भूक कुठून लागणार? संध्याकाळी मी मुद्दाम म्हटलं, "बाबा, काही करायचं असेल तर करा, फक्त टेबलावर कागद अंथरून करा आणि झालं की जागच्या जागी ठेवा." ते कपाटापाशी गेले. डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत राहिले, ओठ हलवत, देवळाबाहेरची पाटी वाचावी तसे. मग परत खुर्चीत. "कुठल्या डब्यात बघायचं तेच विसरलो," म्हणाले.

चिठ्ठ्या लावूनसुद्धा! बाबांची आठवण आता जातेय, असं दादा फोनवर म्हणाला होता, ते खरं असावं. डॉक्टरीणबाईंना दाखवायला हवं.

११ मार्च

शेवटी थर्मास उचलला. यंत्रच खोटं असेल तर ते कोंबडीच्या रक्तावर कळेल, असा विचार केला. पुन्हा तो ओटा, ती पिसं, ते पोटाला पुसलेलं बोट. रक्त तसंच गोठवलं, न फोडता, न धुता. काचवालीने काप काढले.

गोफ! मी खरंच टाळी वाजवली. शेजारी शेजारी, एकसारखे, जाडी तीस. जसे मुखपृष्ठावर तसे. डोळ्यांत पाणी आलं म्हटलं तरी चालेल. म्हणजे यंत्र खरं, पातं खरं, सर खरे.

काचवाली मागून वाकून बघत होती. "खूष झालीस? अगं, पण ही पेशी म्हणजे पेन्शनीत निघालेली. हिच्यातल्या डीएनएचं पान आता जवळजवळ कुणी उघडत नाही. नुसता प्राणवायू वाहायचा आणि मरायचं. तुझ्या कातडीच्या पेशीत रात्रंदिवस उपसाउपस चालू असते, हे काढ, ते वाच, ते परत ठेव. वापर आहे तिथं पसारा असणारच."

हे ती स्वतःच्या टेबलाच्या बचावासाठी म्हणाली. त्या टेबलावर कालची साल अजून आहे.

१४ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. रक्त, लघवी, छातीची पट्टी, सगळं ठीक. त्यांनी बाबांना वार विचारला. बाबा म्हणाले, "सगळे सारखेच असतात की." बाई हसल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पूर्वी काय करायचे हे?" मी सांगितलं. "आणि आता?" म्हटलं, "आता आराम." त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. काही लोकांना टक लावून बघायची सवय असते.

रात्री दादा ती जागा ठरवून टाकू म्हणाला. मी हो म्हटलं. तीस तारखेला बघून यायचं.

२० मार्च

आज मला प्रयोगशाळेत उलटी होईल असं वाटलं, आणि रक्ताशी त्याचा काही संबंध नव्हता.

आमच्या भिंतीवर एक कृती चिकटवलेली आहे. त्यात मीठ किती, मॅग्नेशियम किती, पाणी किती ते लिहिलंय. सगळे त्याला 'सरांचं पाणी' म्हणतात. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला हेच करायला शिकवायचं, पेशी फोडायच्या, केंद्रकं काढायची, सरांच्या पाण्यात धुवायची. का, हे आजवर कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी तर कितीजणांना शिकवलं.

कातडीच्या त्याच पेशींचे आज दोन वाटे केले. एक सरळ गोठवला. दुसरा फोडून, सरांच्या पाण्यातून काढून गोठवला. पहिल्यात तोच पसारा. दुसऱ्यात जिकडे तिकडे गोफ.

म्हणजे कातडीच्या पेशीत गोफ नव्हताच, आमच्या पाण्याने केला. त्या पातळ पाण्यात केंद्रक फुगतं, आतली गर्दी विरळ होते. गर्दीत माळ शेजारच्या माळांमध्ये मिसळून राहते. शेजार तुटला, एकटी पडली, की मग स्वतःभोवतीच वळत बसते. आणि आम्ही इतकी वर्षं तिचे फोटो काढून म्हणत होतो, वा, किती नीट!

काचवालीला दाखवलं. ती एरवी कशालाही कोटी करते. आज म्हणाली, "अरे देवा." मग मला खुर्ची दिली.

२४ मार्च

सरांना सांगितलं. त्यांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कोंबडीचं चित्र छापू," ते म्हणाले. "ते तर न धुताच आलंय. ती पेशीही जिवंतच असते."

"सर, जिवंत असते, पण तिचं काम संपलेलं असतं. बाकीच्या पेशीही अशाच असतात असं पोरं समजतील."

"पोरांना सुरुवातीला नीटनेटकंच लागतं. हे तुझं जाळं कोण मुखपृष्ठावर घालणार? बघवतं तरी का तुला?"

"नाही बघवत," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

"मग झालं तर. झाकली मूठ सव्वा लाखाची." ते हसले, पण हात चित्रावरून निघेना. मग हळू आवाजात म्हणाले, "मी वाटलंय गं ते पाणी सगळ्यांना. दुसऱ्या देशांतसुद्धा पाठवलं. कृती नव्हे, बाटल्या. खोक्यात नीट भरून."

त्यांच्याकडे बघून मला दया यायला हवी होती. पण ते ज्या मायेने कोंबडीच्या चित्रावर बोट फिरवत होते ते बघून शिसारी आली. मला माहीत आहे ते बोट. माझंही तसंच फिरतं.

३० मार्च, रविवार

ती जागा बघून आलो. लिहितानाही अंग आखडतंय, पण लिहून टाकते.

जागा स्वच्छ आहे. माझ्या घरापेक्षा स्वच्छ. पांढऱ्या भिंती, पांढऱ्या चादरी, कॉट एका रेषेत, प्रत्येकाच्या पायथ्याशी एक कपाट आणि त्यावर चिठ्ठी. व्यवस्थापिका इस्त्रीच्या कपड्यांतल्या. "आमच्याकडे धूळ नाही, आवाज नाही, कटकट नाही," म्हणाल्या. म्हातारे खुर्च्यांमध्ये बसले होते, दोन खुर्च्यांत हातभर अंतर. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पहिली पाच मिनिटं मी मनात म्हणत होते, वा. नंतर जाणवलं, एकाच्याही बोटांना, कपड्यांना, कशालाही कसलाच वास येत नव्हता.

वर पंखा खडखडत होता. चांगला खडखडत होता, मलाही ऐकू आला. मी बाबांकडे बघितलं. आता वर बघतील, आता म्हणतील. ते समोर भिंतीकडे बघत राहिले.

"बाबा, पंखा," मी म्हटलं.

"हो. छान वारा येतोय," ते म्हणाले.

मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "दिव्याचं बटण कुठंय?"

"अहो काका, तुम्हाला बटणाला हातच लावायचा नाही!" व्यवस्थापिका कौतुकाने म्हणाल्या. "दिवे सगळे ऑफिसातून चालू-बंद होतात. भिंतींना डाग नको ना."

बाबांनी मान हलवली. "छान आहे. नीट आहे. हिलाही आवडेल," आणि माझ्याकडे बघून हसले.

त्या क्षणी मला जी किळस आली तशी कोंबडीवाल्याच्या ओट्यावर कधी आली नव्हती. फिनेलची आली, पांढऱ्या चादरीची आली, चिठ्ठ्यांची आली. त्या चिठ्ठ्यांवरचं अक्षरसुद्धा माझ्यासारखंच गोल, ठळक. शेजार मी तोडला. काम मी काढून घेतलं. मग आठवडेच्या आठवडे इथे लिहीत बसले की बाबा शांत झाले, रुळले. या वहीची मागची पानं आत्ता वाचली आणि तोंड कडू झालं.

व्यवस्थापिकांना म्हटलं, "नको." त्या म्हणाल्या, "का हो, काही कमी आहे का?" म्हटलं, "नाही, कमी काहीच नाही. तेच."

घरी आल्यावर चपलाही काढल्या नाहीत. बाबांच्या खोलीतले डबे एकेक करून हॉलमध्ये आणले आणि उपडे केले. स्क्रू, बेअरिंगं, तारा, सगळं फरशीवर सांडलं, कपाटाखाली घरंगळलं. हाताला ग्रीस लागलं. वास तोच, जळका, नाकात शिरणारा, आणि मला मळमळलंच. बदलले-बिदलले नाही मी. पण सगळे डबे रिकामे केले आणि म्हटलं, "हं बाबा. बसा आता."

बाबांनी फरशीभर नजर फिरवली. मग गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू खाली बसले. मला वाटलं, झालं. त्यांनी एक स्क्रू उचलला, डोळ्यांजवळ नेला, रिकामा डबा पुढे ओढला, त्यावरची चिठ्ठी वाचली आणि स्क्रू आत टाकला. मग दुसरा. लहान लहानांत, मोठे मोठ्यांत.

"बाबा, राहू द्या ना. असंच राहू द्या."

"नको," ते म्हणाले. "तुला किळस येते ना."

मी त्यांच्या हातातला डबा घेऊन पुन्हा उपडा केला. त्यांनी तो सरळ केला आणि पुन्हा भरायला घेतलं. मी खाली बसले, तिथेच, ग्रीसमध्ये, आणि रडले. बाबा मधूनमधून माझ्या पाठीवर हात फिरवत होते, मनगटाने, बोटं लागू नयेत म्हणून.

४ एप्रिल

सरांना लेखी कळवलं की दोन्ही चित्रं छापणार असाल तरच माझं नाव घाला, आणि मुखपृष्ठावर पसारा हवा. उत्तर नाही. यंत्र बहुतेक काचवालीला जाईल. ती त्यावर केळं खाणार.

घरी बाबांनी सोमवारपर्यंत सगळं भरून टाकलं होतं. मी डब्यांच्या चिठ्ठ्या सोलून फेकल्या. आज सकाळी खाली जाऊन मावशींना विचारलं, "घरात काही बिघडलेलं आहे का?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच बिघडलेय. मी म्हटलं, "काहीही चालेल. घाण असेल तर बरंच." मग त्यांनी जुना मिक्सर काढून दिला. टाकला नव्हता त्यांनी. मी तो आणून, तसाच, वाटणासकट, बाबांच्या खुर्चीसमोर फरशीवर ठेवला आणि प्रयोगशाळेत गेले.

संध्याकाळी आले तर मिक्सर जागच्या जागी होता. उघडलेला नाही. बाबा खुर्चीत. मी चपला काढल्या. पर्स टेबलावर टाकली.

दिवा लावायला हात पुढे केला तर पांढऱ्या बटणावर अंगठा होता. काळा, ओला, मधोमध. खुर्चीमागे बेअरिंगांचा डबा उघडा पडला होता.

किळस आलीच. फडकं शेजारच्या खिळ्याला होतं, हात सवयीने तिकडे गेलाही. मग मी बटणाला कडेने हात लावला, डाग पुसू नये अशा बेताने, आणि दिवा लावला.

"बेअरिंग बोलतंय तुझ्या पंख्याचं," मागून बाबा म्हणाले. "मघापासून ऐकतोय."